पैंजणीचं शेवटचं वेत

मायाक्काच्या डुकरिणीचं नाव पैंजणी. सगळं अंग काळं आणि मागच्या डाव्या पायाला खुराच्या वर पांढऱ्या केसांचं एक कडं. डुकराला कुणी नाव ठेवतं का, म्हणून शहरातली शहाणी माणसं हसतील. हसू द्या. ज्यांच्या दारात म्हशी असतात ते म्हशींना नावं ठेवतात. आमच्या वडारवाडीत दारोदार डुकरं होती.

वाडी सोलापूरच्या बाहेर, अक्कलकोटच्या रस्त्याला, दगडाच्या खाणीच्या कडेला होती. पुरुष सुरुंग लावायचे, बायका खडी फोडायच्या. घरात आमची वडारी बोली आणि बाजारात मराठी. मिलचा भोंगा वाऱ्यावर तिथपर्यंत यायचा, पण आमचा दिवस भोंग्यावर चालायचा नाही. ही गोष्ट सोलापुरातल्या मार्शल लॉच्या पुढच्या वर्षीची, म्हणजे एकतीस सालची.

वडाराची मुलगी सासरी जाताना तिच्या हातात एक दोरी असायची आणि दोरीला एक मादी पिल्लू. आईच्या डुकरिणीच्या पोटचंच पिल्लू लागे, बाजारातलं चालत नसे. त्या पिल्लाला पुढं जे वेत होईल ते त्या मुलीचं. नवऱ्यानं त्याला हात लावायचा नाही, सासूनं हिशेब विचारायचा नाही. चूल थंड पडली तर तिनं त्यातलं विकावं, आजारपणाला विकावं, नवरा घराबाहेर काढील त्या दिवशी खुंट्याची दोरी सोडून डुकरीण घेऊन चालू लागावं. बाईच्या मालकीचं म्हणावं असं तेवढंच होतं. मायाक्काला पैंजणीची आई तिच्या आईनं दिली होती, टेंभुर्णीकडं तळ्याचं काम चाललं होतं तेव्हा. त्या आईला तिच्या आईनं. प्रत्येकीच्या पायात तेच पांढरं कडं.

आता मायाक्काची लेक फुला लग्नाला आली होती आणि पैंजणी म्हातारी झाली होती. मागच्या दोन वेतांत कड्याची मादी एकही झाली नव्हती. हे वेत शेवटचं, हे डुकरिणीचे झिजलेले दात बघून कुणीही सांगितलं असतं. मायाक्कानं डुकरिणीचं खोपट आतून चुन्यानं सारवलं, कोरडा पाला अंथरला आणि वाट बघत बसली. पैंजणी व्याली तेव्हा पहिली दोन-तीन पिल्लं नुसती काळी आली. मग एक मादी आली, बोटभर शेपटीची, आणि तिच्या मागच्या डाव्या पायात कडं होतं. मायाक्का तिथंच रडली. फुलानं त्या पिल्लाच्या गळ्यात काळा दोरा बांधला. हे पिल्लू फुलाचं.

मायाक्काची एक खोड होती आणि तिच्यावरून वाडी तिला चिडवायची. वेत झालं की खोपटाच्या तोंडाशी ती राखेची रेघ ओढायची आणि पिल्लं महिन्याची होईपर्यंत रेघेच्या आत कुणाला पाऊल टाकू द्यायची नाही. बाजारातून आली की पाय धुवायची, लुगडं बदलायची आणि मगच आत. डुकरांचं सोवळं, असं लोक म्हणायचे आणि पोट धरून हसायचे. पण दुसऱ्यांची पिल्लं पातळ हगून मरायची तेव्हा मायाक्काची मरायची नाहीत. तिला कारण माहीत नव्हतं. आजारी पिल्लाची घाण दुसऱ्याच्या तोंडात गेली की रोग जातो, एवढं तिनं डोळ्यांनी बघितलं होतं आणि तेवढं तिला पुरायचं.

फुलाची सोयरीक ठरली ती घरातच. मायाक्काचा नवरा येडू, त्याची थोरली बहीण अक्कम्मा, तिचा मुलगा गुंडा. आत्याच्या मुलाला मुलगी द्यायची ही जुनीच चाल. अक्कम्मा मिलच्या मागच्या वस्तीत राहायची. बोलायला गोड, पंचांत वजन, आणि येडूला तिनं लहानपणी कडेवर वाढवलेलं, त्यामुळं येडू तिच्यापुढं मान वर करत नसे. येडू तसा माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसानं दगा दिला तर त्याची गोष्ट कशाला सांगायची?

सुपारी फुटायच्या दिवशी मुलाच्या आईनं पिल्लांची एक जोडी घेऊन यायची आणि ती मुलीच्या आईच्या डुकरिणीला पाजायला लावायची, अशी आमच्यात रीत. दोन घरची पिल्लं एका आचळाला लागली की सोयरीक मोडत नाही, असं म्हणत. दूध सुटलं की जोडी मुलाच्या घरी परत जायची.

मायाक्काला ती रीत मान्य होती. तिला वेळ मान्य नव्हती. त्या दिवसांत मिलच्या मागच्या वस्तीत पिल्लांना पांढरी हगवण लागल्याची बातमी होती. पैंजणीची पिल्लं तर अजून आठवड्याचीही नव्हती. सुपारी महिनाभर पुढं ढकला, असा निरोप तिनं नवऱ्याबरोबर धाडला. अक्कम्माचा उलट निरोप आला की पाव्हणे बोलावले आहेत, पंचांना सांगितलं आहे, आणि आमच्या घरात कसलीही हगवण नाही.

मायाक्कानं दोन दिवस विचार केला. मग येडूला भाकरी वाढताना म्हणाली, "तुमी सोता जावा. एकेक पिल्लू हातात घ्या, शेपूट उचला, खाली बगा. मी तुमच्या डोळ्यानं बगीन. तुमी झ्याक हाय म्हनला तर मी रेघ पुसते."

येडू मंगळवारी बाजाराच्या वाटेनं बहिणीकडं गेला. संध्याकाळी आला, पाय धुतले, आणि तिनं न विचारताच म्हणाला, "झ्याक हायत. शेपटाखाली कोरडी खडखडीत."

मायाक्कानं मान डोलावली. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती. एवढ्या वर्षांत त्यानं तिच्याशी खोटं बोलावं असं काही घरात घडलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी येडूनं तिच्याकडं आणखी एक काम काढलं. ते कळायला येडूच्या हाताचं सांगावं लागेल. तरुणपणी खाणीत त्याच्या उजव्या हातावर शिळा सरकली होती. घण धरता यायचा, पण बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. पाठ आणि हात रात्री ठणकायचे म्हणून तो अफू खायचा. सरकारी दुकानातून डबी आणायचा आणि रोज दिवेलागणीला मायाक्का त्याला एक गोळी वळून द्यायची. बारीक काम त्याच्या बोटांना जमत नसे. मायाक्का गोळी गुळाच्या कणात घोळवायची आणि वरून सुंठीची पूड लावायची, म्हणजे कडू लागत नाही आणि हाताला चिकटत नाही. सुंठ लावायची तऱ्हा तिची तिनंच काढलेली, वाडीत दुसरं कुणी तसं करत नव्हतं. येडू तळहात पुढं करायचा, ती त्यावर गोळी ठेवायची. सगळं भांडण, सगळं हसणं झालं तरी ते काम कधी चुकलं नव्हतं.

त्या दिवशी येडू म्हणाला की अक्काच्या लेकीचं तान्हं मूल लई रडतं, ती बिचारी मिलमध्ये जाते, तेव्हा राळ्याच्या दाण्याएवढ्या थोड्या गोळ्या वळून दे. मिलमधल्या बाया पोरांना अफू देऊन निजवून जायच्या हे सगळ्या सोलापूरला ठाऊक होतं. मायाक्काला ते आवडायचं नाही. तरी लेकीचं सासर व्हायचं घर म्हणून ती दिव्याजवळ बसली आणि बारीक बारीक गोळ्या वळल्या. तान्ह्याला कडू लागू नये म्हणून गूळ जरा जास्तच लावला, वर सुंठ लावली, आणि चिंधीत बांधून दिल्या.

सुपारी फुटली तो दिवस चांगला गेला. अक्कम्मा नवं इरकली लुगडं नेसून आली, मागं गुंडा आणि त्याच्या डोक्यावर वेळूचं डालगं. डालग्यात जुन्या लुगड्याच्या धडप्यावर दोन पिल्लं, हळद-कुंकू लावलेली, एकमेकांच्या अंगावर मान टाकून निजलेली. पैंजणीच्या पिल्लांपेक्षा ती अंगानं मोठी होती. मायाक्कानं येडूवर विश्वास ठेवला होता, तरी बाईची जातच खोडीची, तिनं स्वतःही शेपट्या उचलून बघितल्या. कोरडं होतं. पिल्लं हलली नाहीत, किंचाळली नाहीत, डोळेसुद्धा नीट उघडले नाहीत. मायाक्कानं विचारलं तेव्हा अक्कम्मा हसून म्हणाली की चालून दमली असतील. डालग्यातून आलेली पिल्लं कशानं दमतील, हा प्रश्न मायाक्काला त्या वेळी पडायला हवा होता. पण दारात पाव्हणे, चुलीवर रस्सा, वाजंत्री लावलेली, पंच चनमल्लप्पा पानाचं ताट मागतोय. तिनं पायानं राखेची रेघ पुसली आणि दोन्ही पिल्लं आपल्या हातांनी पैंजणीच्या आचळाला लावली. कड्याच्या पिल्लाला जरा बाजूला सारून जागा केली. बायकांनी गाणं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा पाहुण्या जोडीच्या शेपट्या ओल्या होत्या.

मायाक्कानं ती तेव्हाच वेगळी काढली. पण रात्रभर ती सगळी एकाच पाल्यावर लोळली होती, एकाच आचळाला तोंड लावत होती. तिसऱ्या दिवशी पैंजणीच्या वेतातलं एक पिल्लू पातळ हगलं, ताकासारखं पांढरट, उग्र वासाचं. मग दुसरं. मग मोजायचं कारण राहिलं नाही. ज्यानं हगवण लागलेलं आठवड्याचं पिल्लू बघितलं नाही त्याला सांगून कळणार नाही. सकाळी गुबगुबीत असतं, संध्याकाळी कातडं सैल पडतं, डोळे आत जातात. दूध सोडतं. सगळी एकमेकांवर चढून थरथरत राहतात आणि खाली जे असेल ते गुदमरतं.

मायलेकींनी जे जे माहीत होतं ते केलं. डाळिंबाची साल उगाळून दिली, भाजलेल्या बेलाचा गर दिला, कोळसा वाटून पाण्यातून पाजला. मायाक्कानं खाणीतल्या सपाट शिळा चुलीत तापवल्या, पोत्यात गुंडाळल्या आणि त्यांवर पिल्लं निजवली. शिळा निवली की दुसरी. पाला दर वेळी जाळायचा, नवा टाकायचा. फुलानं काळ्या दोऱ्याचं पिल्लू पदरात घेतलं आणि बोटानं बकरीचं दूध चाटवत बसली. येडू सकाळी घण घेऊन खाणीत जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. इतका कामसू तो आधी कधी नव्हता.

त्याच आठवड्यात खाणीच्या ठेकेदाराचे बैल बघायला सरकारी ढोरांचा डॉक्टर आला होता. फुला धावत गेली आणि त्याला घेऊन आली. डुकरांच्या खोपटापाशी यायला तो का-कू करील असं वाटलं होतं, पण तो आला, वाकला, पिल्लू हातात घेऊन पोट चाचपलं. म्हणाला, ही आतड्याची लागण आहे, हिचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. विष्ठेतून आचळाला आणि आचळावरून तोंडात जातात. मोठी पिल्लं तगतात, इतक्या लहानांच्या अंगातलं पाणी जातं आणि ती राहत नाहीत. औषध असं त्याच्याकडं नव्हतं आणि ते त्यानं सरळ सांगितलं. आचळं कोमट पाण्यानं धुवा, चांगली असतील ती वेगळी ठेवा. जाता जाता त्यानं विचारलं, "बाहेरून काही आणलं होतं का?"

मायाक्का म्हणाली, "सोयरीक आनली."

डॉक्टरला ते कळलं नाही. तो गेला, पण त्याचा प्रश्न मायाक्काच्या डोक्यातून गेला नाही. येडूनं कोरडी बघितली होती. तिनं स्वतः कोरडी बघितली होती. ज्याला हगवण आहे ते पिल्लू एक दिवस कोरडं कसं राहील?

दुपारी ती जाळायचं ते गोळा करत होती. पाला, चिंध्या, पोती. अक्कम्माचं डालगं अजून भिंतीशी पडलं होतं. तेही जाळावं म्हणून तिनं आतला धडपा झटकला आणि त्याच्या घडीतून एक बारीक गोळी खाली पडली. राळ्याच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी. तिला डुकराचा एक राठ काळा केस चिकटलेला होता. मायाक्कानं ती नाकाशी नेली. सुंठीचा वास आला.

अफूनं पोट बांधतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. येडूचं पोट आठ-आठ दिवस बांधलेलं असायचं, त्याला एरंडेल तीच द्यायची. अफूनं झोप येते, मान पडते, डोळे उघडत नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. तान्ह्या मुलासाठी म्हणून गूळ जरा जास्त लावला होता, तेही आठवलं. आपल्या घरातली पिल्लं आपणच मारली, आपल्याच बोटांनी, असं तिला वाटलं.

येडू त्या दिवशी कधी नव्हे तो दुपारीच भाकरीला घरी आला तेव्हा तिनं गोळी दाखवली नाही. ती लुगड्याच्या कनवटीला खोचलेली होती. तिनं एवढंच विचारलं, "अक्काच्या लेकीचं तान्हं आता निजतंय का?"

येडूनं भाकरी खाली ठेवली. बायकोच्या तोंडाकडं बघून त्याला कळलं, तिला कळलंय. मग तो बोलू लागला, आणि बोलू लागल्यावर थांबेना. मंगळवारी तो गेला तेव्हा अक्काची पिल्लं पडू लागली होती, ही दोनच उभी होती आणि तीही ओली होती. अक्का रडली. रिकाम्या हातानं सुपारीला गेलं तर पंच हसतील, वेत बुडालेल्या घरात मुलगी कोण देईल, म्हणाली. गोळ्या चारून पिल्लांची पोटं बांधायची युक्तीही तिचीच. मायाक्काचा हात गुणाचा आहे, तिच्याकडं गेली तर पिल्लं वाचतीलसुद्धा, असंही म्हणाली.

"आन् मला सांगायला काय झालं व्हतं?"

"तू न्हाई म्हनली असतीस."

"व्हय. म्हनले असते." मायाक्काचा आवाज चढला नाही. "माजं डोळं म्हनून तुमाला धाडलं व्हतं."

"बहीन हाय की ती माजी."

"आन् मी कोन हाय?"

येडू उठून खाणीकडं गेला. मला अजून त्या माणसाचा संताप येतो तो इथंच. बहिणीची दया आली, ठीक आहे. पण बायकोला खुणेनं सांगता आलं असतं, वाटेत डालगं सांडता आलं असतं, ताप आल्याचं सोंग करून दिवस टाळता आला असता. यातलं काही न करता त्यानं बायकोकडूनच गोळ्या वळून घेतल्या.

काळ्या दोऱ्याचं पिल्लू सगळ्यांत शेवटी गेलं. फुलाच्या पदरातच गेलं. फुलानं गळ्यातला दोरा सोडला, पांढऱ्या कड्यावरून एकदा बोट फिरवलं आणि आईला म्हणाली, "आई, मला त्या घरात जायाचं न्हाई." मायाक्कानं तिला सगळं सांगितलं नव्हतं, पण झोपडीची भिंत ती केवढी, आणि येडूचं बोलणं हळू नव्हतं.

पाहुणी जोडी मात्र तगली. मोठी होती, दुखणं जुनं झालं होतं, वाळली आणि सावरली. पैंजणीला पान्हा होता आणि प्यायला तिची स्वतःची कुणी नव्हती. खोपटाच्या फळीवर धडका देऊन ती ओरडायची. मायाक्कानं एक दिवस आणि एक रात्र ते ऐकलं आणि मग जोडी आत सोडली. डुकरिणीचा काय दोष? महिनाभरात अक्कम्माची पिल्लं पैंजणीचं सगळं दूध पिऊन टणटणीत झाली.

जोडी न्यायला अक्कम्मा चार माणसं आणि चनमल्लप्पाला घेऊन आली. लग्नाची तिथीही त्याच बैठकीत धरायची होती. पिल्लं बघून ती खूश झाली आणि मायाक्काची पाठ कुरवाळत म्हणाली, "तुजी गेली, माजी ऱ्हायली. देवीची मर्जी. पन दूद तुज्याच पैंजणीचं की. यातलंच एक फुलाच्या दोरीला बांदू."

मायाक्कानं पाठीवरचा हात बाजूला केला आणि चनमल्लप्पाकडं बघून म्हणाली की ही सोयरीक मला मोडायची आहे.

चनमल्लप्पा न्यायी माणूस होता, त्यानं कारण विचारलं. मायाक्का म्हणाली, आजारी जोडी निरोगी म्हणून आणली. अक्कम्मानं कानावर हात ठेवले, शपथ घेते म्हणाली. चनमल्लप्पानं साक्षीदार मागितला.

मायाक्काच्या कनवटीला गोळी होती. ती तिनं का काढली नाही, यावर वाडीत पुढं पुष्कळ वाद झाले. पण गोळी कुणी वळली, हा पहिला प्रश्न आला असता, आणि सुंठ लावणारी वाडीत एकच बाई होती. तिच्याच हातावर सगळं आलं असतं. शिवाय मला वाटतं, तिला नवऱ्याला एक वाट ठेवायची होती. ती येडूकडं वळली आणि शांतपणे म्हणाली, "ह्यांनी बगितली व्हती. ह्यास्नी इच्यारा. हे सांगतील ते मला कबूल हाय."

येडूनं बायकोकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं. अक्कम्मा पदरानं डोळे टिपू लागली. येडूनं मान खाली घातली.

"मी बगितली तवा झ्याक व्हती," तो म्हणाला. "शेपटाखाली कोरडी."

मंगळवारी बोलला होता तेच शब्द. फुला आत होती, तिला ऐकू आलं. मायाक्काच्या तोंडावर राग आला नाही. ती एकदम थकलेली दिसली.

मग चनमल्लप्पानं निकाल दिला. कारण शाबीत नाही, तेव्हा सोयरीक कायम. मुलीकडच्यांना मोडायचीच असेल तर रीतीप्रमाणं जिच्या आचळाला जोडी लागली ती डुकरीण मुलाच्या घरी द्यावी लागेल. येडू घाईनं म्हणाला, मोडायची नाही, बायको दुःखात बोलते आहे. मायाक्का उठली होती. खोपटात गेली, पैंजणीच्या गळ्यात दोरी घातली, बाहेर आणली आणि दोरीचं टोक अक्कम्माच्या हातात दिलं. तिच्या आईनं तिला दोरी दिली होती तशीच, दोन्ही हातांनी.

"फुला माजी हाय," ती म्हणाली. "ही घिऊन जावा."

पैंजणी पहिल्यांदा हलेना. मग अक्कम्माची दोन पिल्लं पुढं पळाली तशी ती त्यांच्यामागं गेली. तिला ती आपलीच वाटत होती. रस्त्याच्या वळणापर्यंत तिचा मागचा पाय दिसत होता. मायाक्का तोवर दारात उभी राहिली आणि मग चुलीकडं वळली.

दिवेलागणीला येडू आत आला. काहीतरी बोलायचं म्हणून पावसाचं बोलला, खाणीतल्या पाण्याचं बोलला. त्याची पाठ ठणकत होती. रोजच्या सवयीनं तो दिव्याजवळ बसला आणि तळहात पुढं केला.

मायाक्कानं कनवटीतून ती बारीक गोळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"आपलीच हाय," ती म्हणाली. "तुमच्या भनीच्या डालग्यात ऱ्हायली व्हती."

येडूनं ती दिव्याच्या उजेडात धरली. गूळ सुकून गेला होता, सुंठ काळी पडली होती, डुकराचा केस अजून चिकटलेला होता. आता हा गोळी खाली टाकील, आता पाया पडेल, आता निदान रडेल, असं मायाक्काला वाटलं. तेवढं झालं असतं तरी तिनं अफूची डबी उघडली असती.

येडूनं वाकड्या बोटांनी तो केस पुसून काढला आणि गोळी तोंडात टाकली.